उपचाराचे मोल आणि हिशेबाची वही



ज्या गुरुजींच्या स्मृतीला ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्यांचा परिचय या सभागृहाला करून देण्याचे धारिष्ट मी करणार नाही. समोर बसलेल्यांपैकी अनेकांनी त्यांच्या हाताखाली अक्षर गिरवले आहे. नीट वाचणे, नीट बोलणे आणि नीट मोजणे या तीन गोष्टी शाळेने मुलाच्या पदरात घातल्या की पुढचे आयुष्य तो आपल्या बळावर काढू शकतो, अशी त्या पिढीच्या शिक्षकांची श्रद्धा होती. आजचा विषय तिसऱ्या गोष्टीशी, म्हणजे मोजण्याशी संबंधित आहे. आरोग्यसेवेवर होणाऱ्या खर्चाचे अनुमान कोणत्या रीतीने करतात आणि त्या रीतींतून काय हाती लागते, याचा विचार आपण करणार आहोत.

मराठीच्या प्राध्यापकाने हा विषय का घ्यावा, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. माझे उत्तर सरळ आहे. प्रत्येक हिशेब आकड्यांच्या आधी शब्दांपाशी सुरू होतो. कोणत्या गोष्टीला खर्च म्हणायचे आणि कोणत्या गोष्टीला म्हणायचे नाही, हे ठरल्याशिवाय बेरीज करता येत नाही. आणि हे ठरवणे हे अर्थनिर्णयाचे काम आहे. ते काम माझ्या विद्याशाखेला परके नाही. शिवाय, औषधपाणी हा विषय ज्याच्या घरात शिरलेला नाही असा एकही श्रोता येथे नसावा.

शब्दांचा निवाडा

आपल्या भाषेत या व्यवहारासाठी चार शब्द आहेत: खर्च, किंमत, दर आणि मोल. बोलण्याच्या ओघात आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो. हिशेबात तसे करून चालत नाही.

एखाद्या रुग्णालयात हर्नियाची शस्त्रक्रिया होते. ती पार पाडण्यासाठी डॉक्टरांचा वेळ, परिचारिकांचा वेळ, भूल देण्याचे औषध, टाक्यांचा दोरा, वीज, पाणी, धुतलेल्या चादरी आणि शस्त्रक्रियागृहाची इमारत एवढे सारे कामी येते. या साऱ्याचे पैशांतले माप म्हणजे खर्च. रुग्णालय त्या शस्त्रक्रियेबद्दल जे मागते तो आकार, म्हणजे किंमत. विमा योजना त्या शस्त्रक्रियेपोटी रुग्णालयाला जी ठरीव रक्कम देते तो दर. आणि त्या शस्त्रक्रियेनंतर माणूस पुन्हा शेतात उभा राहतो, त्याचे जे मोठेपण आपल्याला वाटते ते मोल.

सरकारी रुग्णालयात किंमत शून्य असू शकते. खर्च कधीही शून्य नसतो. खाजगी रुग्णालयात किंमत खर्चाच्या दुप्पटही असू शकते. म्हणून रुग्णालयाचे बिल हातात घेऊन 'या उपचाराला एवढा खर्च येतो' असे म्हणणे शास्त्राला मान्य नाही. गोव्यात २०१६ साली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना सुरू झाली. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख रुपयांपर्यंतचे आणि चार किंवा अधिक जणांच्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण तिने देऊ केले. अशा योजनेत प्रत्येक उपचाराचा दर आधी बांधावा लागतो. दर खर्चापेक्षा कमी बांधला तर रुग्णालये तो उपचार टाळतात, किंवा रुग्णाकडे वेगळे पैसे मागतात. जास्त बांधला तर गरज नसलेल्या शस्त्रक्रियांना उत्तेजन मिळते. दर न्याय्य हवा असेल तर आधी खर्च ठाऊक हवा. हा खर्च प्रत्यक्ष रुग्णालयांत जाऊन मोजण्याचे मोठे काम गेल्या काही वर्षांत चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेच्या पुढाकाराने देशातील अनेक राज्यांत झाले, आणि २०१८ साली आरंभलेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे दर सुधारताना त्याचा आधार घेण्यात आला.

वही कोणाची?

आता पद्धतीकडे वळू. खर्चाच्या अनुमानातला पहिला प्रश्न 'किती' हा नसतो. 'कोणाचा' हा असतो. शास्त्रीय परिभाषेत याला दृष्टिकोन म्हणतात. मी त्याला वही म्हणेन. कारण आपल्याकडे पेढीची वही वेगळी, देवस्थानची वही वेगळी आणि घरच्या बाईच्या मनातली वही वेगळी, हे सर्वांना ठाऊक आहे.

रुग्णालयाच्या वहीत पगार, औषधे, वीज, यंत्रे येतात. विमा योजनेच्या वहीत फक्त तिने चुकते केलेले दर येतात. रुग्णाच्या वहीत औषधाच्या दुकानात दिलेले पैसे, बसभाडे, बाहेरचे जेवण, बुडालेली मजुरी आणि सोबत आलेल्या माणसाचा दिवस येतो. समाजाच्या वहीत या सर्व वह्यांची बेरीज येते, मात्र एकच रक्कम दोनदा न धरता. शास्त्रज्ञांनी या शेवटच्या वहीला सामाजिक दृष्टिकोन असे नाव दिले आहे. भारत सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ साली आरोग्य तंत्रज्ञानाच्या मूल्यमापनाची यंत्रणा उभी केली. तिच्या मार्गदर्शक नियमांतही समाजाचा दृष्टिकोन घ्यावा, पण त्यातील व्यवस्थेचा भाग आणि रुग्णाचा भाग वेगवेगळा दाखवावा, असे सुचवलेले आहे.

एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत. रीत समजावी एवढ्यासाठीच ते दिले आहेत. पेडणे तालुक्यातील एका गावच्या मधुमेही वृद्धेला डोळ्यांच्या तपासणीसाठी बांबोळीला जायचे आहे. पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, पणजीहून बांबोळी अशा बसगाड्या बदलत ती मुलाला सोबत घेऊन जाते. रुग्णालयाच्या वहीत या तपासणीचा खर्च ३०० रुपये पडतो. तिच्या वहीत दोघांचे बसभाडे २०० रुपये, खाणेपिणे १५० रुपये, मुलाची बुडालेली मजुरी ६०० रुपये आणि तिच्या स्वतःच्या दिवसाचे मोल ४०० रुपये, म्हणजे एकूण १,३५० रुपये पडतात. समाजाच्या वहीत बेरीज १,६५० रुपये होते.

आता हेच पथक महिन्यातून एकदा गावाजवळच्या आरोग्य केंद्रात येऊ लागले असे समजा. गाडी, इंधन आणि प्रवासात गेलेला कर्मचाऱ्यांचा वेळ धरून रुग्णालयाच्या वहीत तीच तपासणी ४५० रुपयांना पडते. वृद्धेचे मात्र तासा-दोन तासांत काम होते. तिच्या वहीत १५० रुपये लागतात. एकूण ६०० रुपये. रुग्णालयाची वही म्हणते, सेवा दीडशे रुपयांनी महागली. समाजाची वही म्हणते, ती १,०५० रुपयांनी स्वस्त झाली. दोन्ही वह्यांतले गणित बिनचूक आहे. निर्णय मात्र परस्परविरुद्ध आहेत.

'ग्रामीण केंद्र परवडत नाही' असा निष्कर्ष जेव्हा कोणी मांडतो, तेव्हा कोणत्या वहीतून तो निघाला हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. कारण एका वहीतून खोडलेला खर्च अनेकदा नाहीसा झालेला नसतो. तो दुसऱ्या वहीत गेलेला असतो, आणि ती दुसरी वही बहुधा कोणी लिहीतच नाही.

ओळखणे, मोजणे, मोल लावणे

वही ठरली की तीन पायऱ्या येतात. उपचारासाठी कोणकोणती साधने लागली ते ओळखायचे. प्रत्येक साधन किती लागले ते मोजायचे. आणि प्रत्येक मापाला पैशांतले मोल लावायचे. ऐकायला सोपे वाटते. अडचणी प्रत्येक पायरीवर आहेत.

यंत्राचा प्रश्न घ्या. सहा लाख रुपयांचे यंत्र एकदा घेतले आणि ते दहा वर्षे चालले, तर पहिल्या वर्षाच्या खर्चात सहा लाख धरणे चूक, आणि पुढच्या नऊ वर्षांत शून्य धरणेही चूक. सरळ भागाकार केला तर वर्षाला ६०,००० रुपये येतात. पण तो पैसा यंत्रात अडकला नसता तर अन्यत्र उपयोगी पडला असता, हेही विसरता येत नाही. म्हणून शेकडा ३ हा दर धरून वार्षिक हिस्सा काढतात. तो सुमारे ७०,३०० रुपये होतो. त्या यंत्राचा उपयोग वर्षाला ५,००० रुग्णांना झाला तर प्रत्येकामागे १४ रुपये पडतात. ५०० रुग्णांनाच झाला तर १४१ रुपये. यंत्र तेच, खोली तीच. कुलूप किती दिवस उघडले यावर खर्च ठरतो. उद्घाटनाची फीत कापलेल्या पण तंत्रज्ञ न नेमलेल्या यंत्राइतके महाग काहीच नसते.

सामाईक खर्चाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. रुग्णालयाचे स्वयंपाकघर, धुलाई, झाडलोट, कार्यालय हे कोणत्याही एका रुग्णाचे नसतात आणि सर्वांचे असतात. त्यांची वाटणी कशी करायची? विजेचा खर्च जागेच्या क्षेत्रफळावर, धुलाईचा रुग्णदिवसांवर, कार्यालयाचा कर्मचाऱ्यांच्या संख्येवर, अशा कसोट्या लावून तो पायरीपायरीने खालच्या विभागांत उतरवत आणतात. एकत्र कुटुंबात वाटण्या करताना विहिरीचे पाणी आणि अंगणातला माड कोणाच्या हिश्श्यात धरायचा, यावर जी चर्चा होते तिचेच हे शास्त्रीय रूप म्हणता येईल. वाटणीची कसोटी बदलली की खर्च बदलतो. म्हणून कसोटी लिहून ठेवणे हा प्रामाणिकपणाचा भाग ठरतो.

सर्वांत अवघड प्रश्न माणसाच्या दिवसाचा आहे. बुडालेल्या दिवसाचे मोल मजुरीवरून लावावे, ही रूढ पद्धत. परंतु डिचोली तालुक्याने २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडलेल्या पाहिल्या आहेत. ज्याचा ट्रक दारात उभा राहिला, त्याच्या दिवसाचे मोल मजुरीच्या हिशेबाने शून्य येते. मग त्या काळात त्याने आजारी आईसाठी रुग्णालयात काढलेले दिवस फुकट होते काय? आणि ज्या स्त्रीला कधीच मजुरी मिळाली नाही, जिने पहाटे उठून पाणी भरले, स्वयंपाक केला आणि सहा महिने अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची सेवा केली, तिच्या दिवसाचे काय?

आपल्या देवस्थानांचा जमाखर्च ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे लगेच उमगेल. जत्रेच्या वहीत रोख दिलेला प्रत्येक पैसा नोंदलेला असतो. पण फुले आणणारा, दिवटी धरणारा, वाजंत्री वाजवणारा, अंगण सारवणारी असे जे परंपरेने सेवा करीत आले, त्यांच्या श्रमाचा आकडा त्या वहीत सापडत नाही. तो आकडा मिळवला तर जत्रेचा खरा खर्च कितीतरी वाढेल. घरातल्या शुश्रूषेचे तसेच आहे. यावर शास्त्राने दोन उपाय सुचवले आहेत. ते काम पैसे देऊन करून घ्यावे लागले असते तर किती द्यावे लागले असते, तो आकडा धरावा. किंवा ते काम करणारी व्यक्ती त्या वेळात दुसरे काय करू शकली असती, त्याचे मोल धरावे. दोन्ही उपाय अपुरे आहेत. परंतु अपुरे माप हे न मोजण्यापेक्षा श्रेयस्कर, कारण न मोजलेल्या गोष्टीला अंदाजपत्रकात शून्य मानले जाते.

वरून खाली आणि खालून वर

खर्च गोळा करण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. आपल्या जुन्या पेढ्यांवर कीर्द आणि खतावणी असत. कीर्दीत रोजची एकेक नोंद, खतावणीत खातेवार एकत्रित रक्कम. या दोन रीतींचा स्वभाव साधारण तसाच आहे.

पहिली रीत वरून खाली येणारी. एखाद्या कक्षाचा वर्षाचा एकूण खर्च १ कोटी २० लाख रुपये आणि त्या वर्षातले रुग्णदिवस १२,००० असतील, तर एका रुग्णदिवसाचा खर्च १,००० रुपये. ही रीत झटपट आहे, कागदपत्रांवर भागते, आणि राज्याच्या नियोजनाला पुरेशी पडते. तिचा दोष असा, की साध्या तापाचा रुग्ण आणि सर्पदंशाने अत्यवस्थ झालेला रुग्ण तिला सारखेच दिसतात.

दुसरी रीत खालून वर जाणारी. येथे अभ्यासक घड्याळ आणि वही घेऊन रुग्णाशेजारी उभा राहतो. परिचारिकेने सलाईन लावायला किती मिनिटे घेतली, सर्पविषावरील लशीच्या किती कुप्या लागल्या, डॉक्टर रात्री किती वेळा येऊन गेले, याची नोंद होते. ही रीत अचूक आहे, पण वेळखाऊ आणि महागडी. शिवाय कोणी पाहत आहे हे कळल्यावर माणसाच्या हातांचा वेगही बदलतो. म्हणून जाणते अभ्यासक दोहोंची सांगड घालतात: पगार आणि औषधे यांसारखे मोठे भाग खालून मोजतात, वीज-धुलाईसारखे लहान भाग वरून उतरवतात. शेवटी, ज्या गृहीतांवर हिशेब उभा आहे ती एकेक बदलून निष्कर्ष टिकतो की कोसळतो ते पाहतात. असा हलवून पाहिलेला आकडाच विश्वासाला पात्र होतो.

गोव्यातील एक साक्ष

आतापर्यंत मी रीती सांगितल्या. आता आपल्याच भूमीतील एक प्रत्यक्ष अभ्यास सांगतो, कारण वहीचा मुद्दा त्यात लख्ख दिसतो.

नैराश्य आणि चिंता हे मनाचे आजार शरीराच्या तक्रारींचा वेश घेऊन दवाखान्यात येतात. अंग दुखते, झोप लागत नाही, थकवा जात नाही, असे रुग्ण सांगतो. त्याला शक्तिवर्धक गोळ्या मिळतात आणि तो पुन्हा पुन्हा येत राहतो. गोव्यातील 'संगाथ' या संस्थेने लंडनच्या आरोग्यविषयक विद्यापीठीय संस्थेच्या सहकार्याने, डॉ. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली, या प्रश्नावर २००७ ते २००९ या काळात एक मोठी चाचणी घेतली. तिचे नाव 'मनःशांती सुधार शोध', आद्याक्षरांवरून 'मानस'. परदेशी निधीवर चाललेल्या वैज्ञानिक चाचणीला इतके शुद्ध देशी नाव मिळावे, याचा भाषेच्या शिक्षकाला आनंद वाटल्यावाचून राहत नाही.

गोव्यातील २४ ठिकाणे या चाचणीसाठी निवडली होती: १२ सरकारी आरोग्य केंद्रे आणि १२ खाजगी डॉक्टरांचे दवाखाने. त्यांतील निम्म्या ठिकाणी मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून नेमले. रुग्णाला आजार समजावून सांगणे, त्याचा पाठपुरावा ठेवणे, बोलून उपचार करणे ही कामे त्यांनी केली. गरजेनुसार डॉक्टरांच्या औषधांची आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याची जोड होती. उरलेल्या ठिकाणी नेहमीप्रमाणे डॉक्टरांनीच उपचार केले. एकूण २,७९६ रुग्ण चाचणीत सहभागी झाले. चाचणीचे फलित २०१० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले, आणि खर्चाचा स्वतंत्र अभ्यास २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला.

सरकारी केंद्रांत समुपदेशक असलेल्या गटातील रुग्ण अधिक बरे झाले. आरोग्य व्यवस्थेचा खर्च दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच आला. परंतु अभ्यासकांनी रुग्णाच्या वेळेचे मोलही हिशेबात धरले होते, आणि ते समुपदेशक असलेल्या गटात लक्षणीयरीत्या कमी भरले. म्हणून ही योजना सरकारी केंद्रांत केवळ परवडणारी नसून बचत करणारी आहे, असा निष्कर्ष निघाला. खाजगी दवाखान्यांत मात्र दोन गटांत फलिताचा वा खर्चाचा तसा फरक आढळला नाही; हेही अभ्यासकांनी तितक्याच स्पष्टपणे नोंदवले.

या निष्कर्षाचा अर्थ आपण नीट लक्षात घ्यावा. केवळ व्यवस्थेची वही पाहिली असती तर खर्च सारखाच दिसला असता आणि बचत कोणाच्या नजरेला आली नसती. ती बचत रुग्णांच्या वहीत झाली होती: वाचलेल्या दिवसांत, न बुडलेल्या कामात. ती दिसली, कारण ती वही उघडून पाहण्याचे कोणीतरी आधीच ठरवले होते.

सीमेवरचा प्रश्न

आपल्या तालुक्यांच्या वेशीवर घडलेली आणखी एक घटना खर्चाचा दुसरा पैलू दाखवते. पेडणे आणि डिचोली यांना लागून सावंतवाडी आणि दोडामार्ग हे महाराष्ट्राचे तालुके आहेत. नाती दोन्हीकडची, बाजार दोन्हीकडचा, भाषा एक. १८४२ साली स्थापन झालेल्या पणजीच्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारे आजचे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय हे त्या भागातील रुग्णांचेही मोठे रुग्णालय आहे. २०१८ सालच्या जानेवारीपासून तेथे परराज्यांतील रुग्णांकडून शुल्क घेण्यास प्रारंभ झाला. दोडामार्गच्या लोकांनी आंदोलन केले. महाराष्ट्राच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून हा भार उचलण्याची वाटही पुढे शोधण्यात आली.

या वादात मी न्यायाधीश होऊ इच्छित नाही. हिशेबाच्या दृष्टीने मात्र तो फार उद्बोधक आहे. गोव्याच्या करदात्याची वही म्हणते: एकूण खर्च भागिले एकूण रुग्ण, एवढा प्रत्येकाचा भार. हा सरासरी खर्च. दोडामार्गचा रुग्ण म्हणतो: इमारत उभी आहे, डॉक्टर हजर आहेत, मी आल्याने जास्तीचे काय लागले, तर औषधे आणि जेवण. हा वाढीव खर्च, आणि तो सरासरीपेक्षा बराच कमी असतो. खाट रिकामी असेल तोवर दुसऱ्याचे म्हणणे बरोबर आहे. सर्व खाटा भरल्या की त्याच खाटेसाठी दुसरा कोणी जमिनीवर गादी टाकून थांबतो, आणि त्याच्या थांबण्याचे मोलही खर्चात येते. म्हणजे प्रश्न भावनेचा वाटला तरी त्याचे अर्धे उत्तर रुग्णालयाच्या रोजच्या खाटांच्या नोंदीत आहे. उरलेले अर्धे उत्तर शेजारधर्माचे आहे, आणि ते कोणत्याही नोंदीत नाही.

खर्च कशासाठी मोजायचा?

खर्चाचा आकडा एकटा मुका असतो; त्याच्याशेजारी फलिताचा आकडा ठेवला की तो बोलू लागतो. जागतिक बँकेच्या १९९३ सालच्या विकास अहवालाने आजारामुळे आणि अकाली मृत्यूमुळे गमावलेली निरोगी वर्षे हे माप जगभर रूढ केले. एक निरोगी वर्ष राखण्यासाठी किती खर्च येतो, अशी तुलना तेव्हापासून धोरणांत शिरली.

महाराष्ट्रात याचे नामवंत उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत, प्रशिक्षित गावकरी स्त्रियांकरवी, नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचा वृत्तांत आला. प्रत्येक बालकामागे ५.३ अमेरिकी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या विनिमयदराने सव्वादोनशे रुपयांच्या आसपास खर्च आला, आणि काळजी घेतलेल्या दर १८ बालकांमागे एक मृत्यू टळला. गुणाकार केला तर एका टळलेल्या मृत्यूमागे सुमारे ९५ डॉलर. सूक्ष्मदर्शी वाचक येथेही विचारील, की प्रशिक्षणाचा, देखरेखीचा, प्रयोग उभा करण्याच्या वर्षांचा भाग किती धरला? असे विचारणे हा त्या थोर कार्याचा अनादर नव्हे. उलट, ते दुसरीकडे उभे करायचे असेल तर हा प्रश्न विचारावाच लागतो. या प्रयोगातून पुढे देशभर घरगुती नवजात-काळजीचा कार्यक्रम उभा राहिला, हे आपण जाणतो.

तरीही एक इशारा दिला पाहिजे. 'प्रत्येक निरोगी वर्षामागे कमीत कमी खर्च' हा एकच निकष धरला तर म्हाताऱ्यांची, अपंगांची, दुर्मीळ आजाराच्या मुलांची पाळी नेहमी शेवटी येईल. चांदेल-हसापूरच्या टोकाला राहणाऱ्या माणसापर्यंत सेवा नेणे म्हापशाच्या माणसापर्यंत नेण्यापेक्षा नेहमीच महाग पडेल. म्हणून हिशेबाने निर्णय सुचवावा. निर्णय घेणारा मात्र माणूस असावा, आणि त्याने खर्चाच्या आकड्याशेजारी न्यायाचाही विचार लिहून ठेवावा.

याउलट, मोजणे म्हणजे कंजूषपणा, आरोग्याच्या पवित्र कामात पैशाचे नाव काढू नये, असे म्हणणारे सज्जन आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या सद्भावनेविषयी मला आदर आहे. पण पैसा मर्यादित आहे, आणि एका ठिकाणी उगाच सांडलेला रुपया दुसऱ्या ठिकाणच्या रुग्णाच्या तोंडातला औषधाचा घोट असतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ साली शेकडा ६४.२ होता; तो २०२१-२२ साली शेकडा ३९.४ वर आला. ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र या लेख्यांत बुडालेली मजुरी धरलेली नसते, आणि घरच्या शुश्रूषेचे दिवसही नसतात. ती वही अजून कोरीच आहे.

आणि ती वही आपणच लिहू शकतो. या शाळेचे माजी विद्यार्थी आज डॉक्टर आहेत, हिशेबतपासनीस आहेत, पंचायतींत आहेत, शिक्षक आहेत. वरच्या वर्गातील मुलांना एक उपक्रम द्यावा, अशी माझी विनंती आहे. घरात वा शेजारी कोणी आजारी पडले, तर त्यांच्या संमतीने आणि नाव न लिहिता, उपचाराची पूर्ण वही ठेवावी: औषध किती, भाडे किती, सोबत कोण गेले, किती तास गेले, कोणाचे काम बुडाले, दागिना गहाण पडला काय. वर्षाअखेरीस अशा शंभर वह्या एकत्र केल्या आणि त्यांची बेरीज ग्रामसभेपुढे ठेवली, तर आपल्या आरोग्य केंद्रात कोणती सेवा कोणत्या दिवशी असावी, यावर आजच्यापेक्षा शहाणी चर्चा होईल. मुलांना गणित कळेल, आणि आपल्या आईच्या दिवसालाही मोल असते हेही कळेल.

गुरुजींच्या स्मृतीला वाहण्याजोगे याहून उचित काही मला सुचत नाही.